अधिक तीन, उणे तीन

रात्री सव्वाअकराला कुणीतरी आमच्या गावाच्या लेखात एक वेलांटी घातली. एवढंच. पहिल्या वाक्यात ‘बेळगाव जिल्ह्यातील एक गाव’ असं होतं, ते ‘बेळगावी जिल्ह्यातील एक गाव’ झालं.

मराठी विकिपीडियावर लेखाच्या माथ्यावर ‘इतिहास’ म्हणून एक जागा असते. तिथं गेलं की कुणी, कधी, काय बदललं याच्या ओळी दिसतात आणि प्रत्येक ओळीपुढे लेख किती वाढला किंवा घटला त्याचा आकडा. संगणकाच्या हिशेबात देवनागरीतलं एक चिन्ह तीन बाइटांचं. म्हणून त्या ओळीपुढे हिरव्या रंगात ‘+३’ होतं. त्याच्या वरच्या ओळीत, काही मिनिटांनी, लाल ‘−३’. मग पुन्हा +३. पुन्हा −३. लाल आकडे सगळे माझे होते.

मी कोल्हापुरात एका छापखान्यासाठी मुद्रितं तपासते. वेलांटी पहिली की दुसरी, हा माझ्या रोजच्या भाकरीचा विषय आहे. दिवसातून शंभर वेलांट्या मी बिनबोभाट सुधारते. पण ही वेलांटी पाहून त्या रात्री माझ्या हाताला कंप सुटला होता, आणि तो का सुटला हे सीमाभागात माहेर असलेल्या बाईला वेगळं सांगावं लागत नाही.

ज्यांना सांगावं लागतं त्यांच्यासाठी थोडक्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली आणि बेळगाव, निपाणी, खानापूरचा मराठी मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६६ मध्ये महाजन आयोग बसला, पुढच्या वर्षी अहवाल आला, बेळगाव तिकडेच राहिलं. महाराष्ट्रानं तो अहवाल मानला नाही. २००४ मध्ये महाराष्ट्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तो दावा अजून चालूच आहे. कर्नाटकात १ नोव्हेंबर हा राज्योत्सव, आणि आमच्याकडे त्याच दिवशी काळा दिन. २०१४ मध्ये कर्नाटकनं बेंगळुरू, म्हैसुरू यांच्यासोबत बेळगावचंही नाव अधिकृतपणे बेळगावी केलं, तेही १ नोव्हेंबरपासून. त्या दिवशी माझ्या आजोबांचं नाव घेत बाबा दिवसभर उपाशी राहिले होते. त्यामुळे +३ म्हणजे माझ्या दृष्टीनं तीन बाइट नव्हतेच.

त्या रात्री मी पाच वेळा ती वेलांटी काढली. बदलासोबत कारण लिहायला एक रिकामी चौकट असते, तिच्यात मी पहिल्यांदा ‘शुद्धलेखन’ लिहिलं. ते खोटं होतं. दुसऱ्यांदा काहीच लिहिलं नाही. पाचव्यांदा जे लिहिलं ते इथं पुन्हा उतरवण्यासारखं नाही. ते पुसताही येत नाही, त्या इतिहासात ते माझ्या टोपणनावापुढे कायमचं आहे. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लेखन उलटवू नये असा नियम आहे. तो मला तेव्हा माहीत नव्हता. माहीत असता तरी त्या रात्री मी पाळला असता असं वाटत नाही. पहाटे एका प्रचालकानं, म्हणजे तिथली व्यवस्था पाहणाऱ्या सदस्यानं, लेखाला आठवड्याभरासाठी कुलूप लावलं आणि आम्हा दोघांनाही एकच ओळ लिहिली: चर्चापानावर बोला.

मराठी विकिपीडियावरचे शब्द मला पहिल्यापासून आवडत आले आहेत. सगळ्यांनी मिळून बोलायच्या पानाला ‘चावडी’ म्हणतात. नवख्यानं हात बसवायचा, लिहून पुसायचं, त्या जागेला ‘धूळपाटी’. लेखाची नासधूस करणं म्हणजे ‘उत्पात’. ज्यांनी कुणी वीस-बावीस वर्षांपूर्वी हे शब्द बसवले त्यांना आपण काय उभारतो आहोत ते नीट कळलेलं होतं. मराठी विकिपीडिया सुरू झाला २००३ मध्ये, १ मेला. तो दिवसही नेमका राज्याच्या वाढदिवसाचा.

तर चर्चापान. समोरचा गृहस्थ धारवाडचा निघाला. मातृभाषा कन्नड, मराठी स्वच्छ. त्याचं खरं नाव मला आजही माहीत नाही. त्याचा मुद्दा एका ओळीचा होता: जिल्ह्याचं अधिकृत नाव बदललं आहे, विश्वकोशानं अधिकृत नाव द्यावं. माझाही एका ओळीचा: मराठी विश्वकोशात मराठी माणूस जे नाव घेतो ते असावं. यावर आम्ही एकवीस दिवस बोललो. पहिले सहा-सात दिवस निव्वळ तंटा. त्यानं राजपत्राचा दाखला दिला, मी सर्वोच्च न्यायालयातल्या दाव्याचा. मग एके दिवशी त्यानं लिहिलं, “कन्नडमध्ये आम्ही सोलापूरला सोल्लापुर म्हणतो. तुमची त्याला हरकत आहे का?” मी विचार केला आणि लिहिलं, नाही. “मग तुमच्या बेळगावला माझी हरकत का असावी? माझी हरकत एवढीच आहे की बेळगावी हे नाव लेखात कुठंच नाही. जणू ते अस्तित्वातच नाही.”

हे वाचून मी गप्प झाले. माहेरच्या घराला लागून एका अक्कांचं घर होतं. त्या कन्नड बोलायच्या. माझ्या लहानपणी त्या बाजाराला निघाल्या की “बेळगाविगे होगतेनि” म्हणत. म्हणजे ते नाव २०१४ मध्ये कुणी सरकारी कचेरीत बसून शोधून काढलेलं नव्हतं. भिंतीपलीकडे ते पिढ्यान्‌पिढ्या बोललं जात होतं, आणि मी ते रोज ऐकलेलं होतं. तरी त्या रात्री मी असं वागले की जणू हा शब्द माझ्या कानावर कधी पडलाच नाही.

पुढचे दोन आठवडे आम्ही दोघं मिळून कागद शोधत होतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगावचा खंड १८८४ चा, तो मी काढला. जुन्या शिलालेखांतलं वेणुग्राम, म्हणजे वेळूचं गाव, त्यानं काढलं. शेवटी वाक्य ठरलं ते असं: गाव बेळगाव जिल्ह्यातील, आणि लगेच पुढे, कर्नाटक शासनाने १ नोव्हेंबर २०१४ पासून जिल्ह्याचे अधिकृत नाव बेळगावी केले आहे. दोन्ही नावं, तारखेसह, दाखल्यासह. त्यानं काही सोडलं, मी काही सोडलं. मला ते वाक्य अजूनही पूर्ण पटत नाही. त्यालाही पटत नसावं.

हे झाल्यावर त्यानंच लेखातल्या दुसऱ्या एका वाक्याला ‘संदर्भ हवा’ अशी खूण चिकटवली. वाक्य होतं, ‘गावातील अनेकांनी १९५६ च्या सीमा आंदोलनात तुरुंगवास भोगला.’ ते मीच लिहिलेलं. मी बाबांना दाखवलं. बाबा तेव्हा सत्तरी ओलांडलेले.

“संदर्भ कसला? मी होतो की तिथं! माझ्या बापाला नेताना मी बघितलोय.”

“बाबा, तुम्ही बघितलं ते चालत नाही.”

“मग कुणी बघितलेलं चालतंय?”

याला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. नियमानं पाहिलं तर उत्तर सोपं आहे: विश्वकोशात तेवढंच लिहायचं जे कुठंतरी छापून आलं आहे आणि दुसऱ्या कुणालाही पडताळून पाहता येतं. पण ज्या माणसानं बारा वर्षांचा असताना आपल्या वडिलांना पोलीस गाडीत चढताना पाहिलं, त्याला तुझा शब्द पुरत नाही असं सांगणं फार जड जातं. बाबांनी ट्रंकेतून आजोबांच्या सुटकेचा कागद काढला. घडीवर फाटलेला, पाठीमागून जिलेटिन चिकटवलेला. मी त्याचा फोटो चर्चापानावर टाकायला निघाले, तर धारवाडच्या सदस्यानं हळुवारपणे लिहिलं, हा फार मोलाचा कागद आहे, जपून ठेवा, पण हा घरचा कागद आहे, आणि एका माणसाबद्दलचा आहे. ‘अनेकांनी’ कशावरून?

शेवटी गावच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत यादी सापडली. भावानं शाळेतून फोटो काढून पाठवले. चौदा नावं, त्यात सातवं आजोबांचं. वाक्य बदललं: ‘शाळेच्या स्मरणिकेतील नोंदीनुसार गावातील १४ जणांनी…’ बाबांनी ते चष्मा पुसून पुसून वाचलं. “चौदाच नव्हते,” ते म्हणाले. “पण चौदा तरी आले.”

हे सगळं इतकं लांबवून सांगते आहे, कारण २०२५ च्या फेब्रुवारीत जे झालं त्याकडे मी या एकवीस दिवसांच्या खिडकीतूनच पाहत होते.

छत्रपती संभाजी महाराजांवरचा चित्रपट गाजत होता. चित्रपट पाहून आलेल्या लोकांनी मोबाइलवर शोध घेतला आणि इंग्रजी विकिपीडियावरच्या महाराजांच्या लेखातला काही मजकूर त्यांच्या जिव्हारी लागला. माझ्याही लागला, हे आधीच सांगते. मुख्यमंत्र्यांनी सायबर पोलिसांना विकिपीडियाशी संपर्क साधायला सांगितलं. महाराष्ट्र सायबरनं मजकूर काढण्यासाठी विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली आणि पुढे काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. आमच्या नात्यातल्या, कामावरच्या प्रत्येक व्हॉट्सॲप गटात एकच निरोप फिरत होता: सगळ्यांनी मिळून तो लेख बदला. पण ते पान नवख्यांना बदलता येत नव्हतं. भारत-पाकिस्तानच्या विषयांवर तिथं इतकी वर्षं इतकी भांडणं झाली आहेत की अशा पानांना बऱ्याचदा कडक कुलूप असतं: खातं किमान तीस दिवसांचं हवं आणि पाचशे संपादनं केलेली हवीत. माझ्या मावसभावानं मला फोन केला, “तुझं खातं जुनं आहे ना? टाक की काढून.”

मी काढलं नाही. त्याला ते आवडलं नाही, आणि पुढे बरेच दिवस आमचं बोलणं तुटक होतं. फोनवर त्याला जे नीट सांगता आलं नाही ते इथं सांगते.

संभाजी महाराजांची बदनामी विकिपीडियानं सुरू केलेली नाही. ती आपल्याच घरात, मोडीत लिहिली गेली. मल्हार रामराव चिटणिसांची बखर महाराजांच्या मृत्यूनंतर शंभरहून अधिक वर्षांनी लिहिलेली. महाराजांनी ज्या बाळाजी आवजी चिटणिसांना देहदंड दिला, मल्हार रामराव त्यांच्याच घराण्यातले. आज विकिपीडियावर कुणी असं लिहिलं असतं तर चर्चापानावर पहिला प्रश्न आला असता, या विषयात तुमचा हितसंबंध आहे का? एकोणिसाव्या शतकात तो विचारायला कुणी नव्हतं. मग त्या बखरीवर इतिहास उभे राहिले, इतिहासांवर नाटकं, आणि नाटकांवर पिढ्यांचे समज. एका कर्तृत्ववान राजाचा, संस्कृतात ग्रंथ लिहिणाऱ्या विद्वानाचा, व्यसनी राजपुत्र करून टाकला गेला.

तो समज पुसला कुणी? वासुदेव सीताराम बेंद्रे या माणसानं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात बसून, गावोगावची दफ्तरं पालथी घालून, इंग्लंडला जाऊन तिथले कागद तपासून. सुमारे चाळीस वर्षं ते या एका चरित्रामागे होते. १९६० मध्ये ते चरित्र प्रसिद्ध झालं. त्यानंतर कमल गोखल्यांनी तेच काम पुढे नेलं. फारसी, पोर्तुगीज, इंग्रजी, मोडी असे नाना ठिकाणचे कागद समोरासमोर ठेवले गेले आणि बखरीतला संभाजी हळूहळू मागे सरला. आज आपण ज्या महाराजांपुढे अभिमानानं मान झुकवतो ते आपल्याला या लोकांनी परत मिळवून दिले. त्यांच्या हाती नोटीस नव्हती. बखर जप्त करा, असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. उलट बखर समोर ठेवली आणि तिच्या शेजारी दुसरा कागद ठेवला.

माझं सगळं म्हणणं या ‘शेजारी’ शब्दात आहे. विकिपीडियावरच्या लेखात चुकीचं, एकांगी लिहिलेलं असेल तर त्याच्याशेजारी बेंद्र्यांचं पान ठेवता येतं, खंड आणि पृष्ठ क्रमांकासह. मराठी ग्रंथाचा दाखला इंग्रजी लेखातही चालतो. पण तो ठेवणारा माणूस हवा. बेंद्र्यांचं पुस्तक कपाटात असलेली किती घरं महाराष्ट्रात आहेत! त्यांतल्या दहा जणांनी जरी दोन-दोन वर्षांपूर्वी पाचशे संपादनांची वाट चालली असती, तर फेब्रुवारीत चर्चापानावर बसायला आपली माणसं असती. मी मावसभावाला विचारलं, तू ते पुस्तक वाचलं आहेस का? नव्हतं. मीही तेव्हा अर्धंच वाचलं होतं.

जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला, तो दिवस मला आठवतो. राग एका पुस्तकाचा होता, आणि फेकली-फाडली गेली ती पोथ्या-पुस्तकं त्या पुस्तकाशी काही संबंध नसलेली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात जमिनीवर विखुरलेल्या पानांचा फोटो होता. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाच्या पोटात असा फोटो पाहून काय होतं ते शब्दांत सांगता येत नाही.

मला दुसरी काळजी माणसांची आहे. एएनआय या वृत्तसंस्थेनं जुलै २०२४ मध्ये विकिमीडियावर दिल्ली उच्च न्यायालयात दोन कोटी रुपयांचा बदनामीचा दावा लावला. आपल्यावरच्या लेखातला मजकूर बदनामीकारक आहे असं संस्थेचं म्हणणं. ऑगस्टमध्ये न्यायालयानं तो मजकूर लिहिणाऱ्या तीन संपादकांची माहिती द्यायला सांगितलं. या खटल्यावरच विकिपीडियावर एक लेख होता, तोही ऑक्टोबरमध्ये न्यायालयाच्या आदेशानं काढला गेला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. दाव्यात कोण बरोबर हे न्यायालय ठरवेल, आणि ज्याची बदनामी झाली त्यानं दाद मागू नये असं मी कधीच म्हणणार नाही. पण तीन माणसांची माहिती हे शब्द मी वाचले आणि मला धारवाड आठवलं. त्या सदस्यानं ‘बेळगाव’ हे नाव लेखात राहू दिलं आहे. त्याच्या गल्लीत हे कुणाला कळलं तर? आणि मी ‘बेळगावी’ राहू दिलं आहे, माझ्या गावात कळलं तर? आम्ही दोघं एकमेकांशी सरळ बोलू शकलो, कारण आमच्या दारावर कुणी येणार नव्हतं. बेलारूसमध्ये २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेनवरच्या आक्रमणाबद्दल विकिपीडियावर लिहिणाऱ्या एका संपादकाला मिन्स्कमध्ये अटक झाली. त्याचं नाव आणि फोटो आधी इंटरनेटवर फिरवला गेला होता.

विकिपीडियावरचे सगळे निर्मळ असतात असं मात्र नाही. क्रोएशियाचं उदाहरण मी चावडीवर दोनदा लिहिलं आहे, पुन्हा लिहिते. क्रोएशियन विकिपीडियाचे प्रचालक म्हणून एक उजवा गट दहा-एक वर्षं ठाण मांडून बसला. दुसऱ्या महायुद्धातल्या यासेनोवात्स छळछावणीत माणसं मारली गेली, पण ती छावणी म्हणजे नुसती श्रमछावणी असल्यासारखं लिहिलं जाई. हरकत घेणाऱ्याला बाहेर काढलं जाई. २०१३ मध्ये तिथल्या शिक्षणमंत्र्यांनीच विद्यार्थ्यांना सांगितलं, यावर विसंबू नका. शेवटी २०२० मध्ये बाकीच्या सदस्यांनी जोर लावून तो गट मोडला. त्याला दहा वर्षं लागली, कारण लिहिणारे थोडे होते आणि थोड्यांना ताब्यात घेणं सोपं असतं. मराठीत रोज येऊन लिहिणारे किती आहेत हे ‘अलीकडील बदल’ उघडून कुणीही पाहावं. तीच तीच नावं दिसतात. त्यांतली दोन-तीन नावं गेल्या वर्षभरात दिसेनाशी झाली आहेत, आणि ती का थांबली हे विचारायला आमच्याकडे त्यांचा फोन नंबरही नाही.

मावसभाऊ दिवाळीत घरी आला होता. फराळ झाल्यावर त्यानं स्वतःच विषय काढला. मी संगणक उघडून त्याला धूळपाटी दाखवली. त्यानं त्याच्या सासुरवाडीच्या गावाबद्दल चार ओळी लिहिल्या. त्यातल्या एका ओळीत गावचं देऊळ यादवकालीन असल्याचं होतं. मी विचारलं, कशावरून? तो चिडला नाही. म्हणाला, सासऱ्यांना विचारून सांगतो. मग जरा थांबून म्हणाला, नाही, त्यांना विचारून चालणार नाही ना?

यंदा १ नोव्हेंबरला सकाळी मी लेख उघडला. सात वाजून चाळीस मिनिटांनी कुणीतरी, नाव न लावता, पहिल्या वाक्यात वेलांटी घातली होती. +३. मी हात पुढे केला तोच वरची ओळ दिसली. सात बावन्न, −३, धारवाड. कारणाच्या चौकटीत त्यानं लिहिलं होतं: ‘यावर सहमती झाली आहे. चर्चापान पाहावे.’

बाबा आतून विचारत होते, बदललं का गं कुणी? आज त्यांचा उपास असतो. मी त्यांचा बिनसाखरेचा चहा टाकायला उठले.